उपकरण, संगणक आणि मधला दुवा

विज्ञानाच्या प्रयोगशाळेत संगणकाशी न जोडलेले उपकरण आज क्वचितच आढळते. सूक्ष्मदर्शकावरील कॅमेरा, तापनियंत्रक, नमुना केसभर पुढेमागे सरकविणारी मोटर, ही सारी संगणकाच्या आज्ञेवरून चालतात. तथापि उपकरण एका कारखान्यात तयार होते, संगणक दुसऱ्या कारखान्यात, आणि संशोधकाला हवी असलेली आज्ञावली तिसऱ्याच ठिकाणी लिहिली जाते. या तिघांची गाठ कशी पडते, ती बांधताना कोणत्या अडचणी येतात आणि सार्वजनिक पैशातून उपकरणे घेणाऱ्या संस्थांनी त्यातून कोणता बोध घ्यावा, याची ओळख करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

लायब्ररी म्हणजे काय?

उपकरणाचा निर्माता यंत्राबरोबर साधारणतः दोन वस्तू देतो. पहिली म्हणजे ड्रायव्हर. तो संगणकाच्या कार्यप्रणालीला उपकरणाची ओळख करून देतो. दुसरी म्हणजे लायब्ररी. ‘कॅमेरा सुरू करा’, ‘प्रकाश घेण्याचा अवधी ठरवा’, ‘चित्र द्या’ अशा तयार आज्ञांचा हा संग्रह असतो. संशोधकाने आपली आज्ञावली लिहिताना यंत्राच्या अंतरंगात शिरण्याचे कारण नसते. लायब्ररीतील योग्य ती आज्ञा बोलाविली की काम होते.

परंतु लायब्ररीची फाइल उघडून पाहिली तर ती माणसाला वाचता येत नाही. कोणती आज्ञा कोणत्या नावाने बोलवावी, तिला कोणती मूल्ये द्यावीत व कोणत्या क्रमाने द्यावीत, हे ज्या जंत्रीत नमूद असते तिला हेडर फाइल म्हणतात. या जंत्रीवाचून लायब्ररी म्हणजे यादीवाचून दप्तरखाना होय. कागद आत आहेत, पण हाती एकही लागत नाही.

एक बोलके उदाहरण

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील शाखेत, रॉन व्हेल यांच्या प्रयोगशाळेत, 2005 साली ‘मायक्रो-मॅनेजर’ या आज्ञावलीच्या कार्यास प्रारंभ झाला. सूक्ष्मदर्शक एका कंपनीचा, कॅमेरा दुसरीचा आणि दिव्याची झडप तिसरीची असली, तरी संशोधकाला ही सर्व साधने एकाच पडद्यावरून चालविता यावीत, हा तिचा हेतू. ती विनामूल्य उपलब्ध असून जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत वापरली जाते.

या आज्ञावलीची रचना मोठी उद्बोधक आहे. तिच्या गाभ्याला कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्याची माहिती नसते. प्रत्येक उपकरणासाठी एक स्वतंत्र जोडभाग लिहिलेला असतो. हा जोडभाग एका बाजूने गाभ्याची भाषा बोलतो व दुसऱ्या बाजूने कंपनीच्या लायब्ररीची. थोडक्यात, तो दुभाषाचे काम करतो. ‘चित्र घ्या’ अशी आज्ञा गाभ्याकडून आली की तो ती कंपनीच्या शब्दांत पुढे पाठवितो आणि प्रकाश घेण्याचा अवधी पुरा होईपर्यंत थांबतो. त्यानंतर गाभ्याने मागणी करताच चित्र हवाली करतो. गाभा अवधी मिलिसेकंदांत सांगतो. कंपनीची लायब्ररी तो सेकंदांत मागत असेल तर हिशेब बदलून देण्याची जबाबदारी दुभाषाचीच. तेथे चूक झाली तर चित्र हजारपट अधिक अवधीचे घेतले जाते आणि दोष मात्र कॅमेऱ्याच्या माथी येतो.

जोडणीतील अडचणी

पहिली अडचण नावांची. सी++ या भाषेत लिहिलेल्या आज्ञांची नावे निरनिराळे संकलक आपापल्या पद्धतीने बदलून नोंदवितात. त्यामुळे एकाने ठेवलेले नाव दुसऱ्याला सापडत नाही. यावर उपाय म्हणून दर्शनी दारे जुन्या व साध्या सी भाषेच्या रीतीने ठेवण्यात येतात. मायक्रो-मॅनेजरच्या जोडभागाला अशी मोजकीच दारे असतात: आपल्याजवळची उपकरणे जाहीर करणे, मागितलेले उपकरण निर्माण करणे, काम संपल्यावर ते नष्ट करणे आणि आपली आवृत्ती सांगणे. ज्या भागाने स्मृतीतील जागा घेतली त्याच भागाने ती परत करावी, हा दंडक येथे पाळला जातो. एकाने घ्यावे व दुसऱ्याने सोडावे असे झाले, तर चालू आज्ञावली मध्येच कोसळण्याचा संभव असतो. आवृत्ती जुळली नाही तर गाभा तो जोडभाग स्वीकारीतच नाही. प्रयोगाच्या मध्यावर बंद पडण्यापेक्षा आरंभीच नकार मिळालेला बरा, हा त्यामागील विचार.

दुसरी अडचण शब्दलांबीची. 64 बिटांची आज्ञावली 32 बिटांची लायब्ररी आपल्यात सामावून घेऊ शकत नाही. विंडोज कार्यप्रणालीत असा प्रयत्न केल्यास बहुधा 193 क्रमांकाची चूक दर्शविली जाते. अशा वेळी 32 बिटांची एक लहानशी स्वतंत्र आज्ञावली लिहून तिच्याकरवी निरोपांची देवाणघेवाण करता येते. मात्र ड्रायव्हरही 32 बिटांचाच असेल तर हा मार्गही खुंटतो, कारण 64 बिटांच्या विंडोजला ड्रायव्हर 64 बिटांचाच लागतो. 2021 साली आलेली विंडोज 11 ही केवळ 64 बिटांतच मिळते, आणि विंडोज 10 ला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले.

तिसरी अडचण नवख्यांना फार चकविते. फाइल डोळ्यांसमोर असूनही संगणक 126 क्रमांकाची चूक दाखवून ‘सापडत नाही’ असे सांगतो. पुष्कळदा हरवलेली असते ती समोरची फाइल नव्हे, तर तिला जिची गरज आहे अशी दुसरीच एखादी फाइल. म्हणून जोडभाग दुसऱ्या संगणकावर नेताना तो कोणकोणत्या लायब्ररींवर अवलंबून आहे, याची संपूर्ण यादी बरोबर ठेवणे इष्ट. शक्य असल्यास कंपनीची लायब्ररी आरंभीच न बांधता, जोडभाग सुरू झाल्यावर शोधून जोडावी. म्हणजे ती नसली तरी आज्ञावली उघडते आणि नेमके काय उणे आहे ते वापरणाऱ्यास स्पष्ट शब्दांत सांगता येते.

हक्काचा प्रश्न

तांत्रिक गाठ बांधली म्हणजे काम संपले असे नाही. लायब्ररी ही कंपनीची मालमत्ता असते. ती इतरांना वाटण्याची परवानगी काही कंपन्या देतात, काही देत नाहीत, तर काही गुप्ततेच्या करारावाचून हेडर फाइलही दाखवीत नाहीत. अशा वेळी संशोधकाने कष्टाने लिहिलेला जोडभाग शेजारच्या महाविद्यालयालाही देता येत नाही. तेच काम तेथे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

संस्थांनी काय करावे?

समजा, एखाद्या महाविद्यालयाने दहा वर्षांपूर्वी सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा घेतला. त्याबरोबर आलेली तबकडी गहाळ झाली आहे, हेडर फाइल मागण्याचे कोणास सुचले नव्हते आणि ड्रायव्हर 32 बिटांचा आहे. जुना संगणक बंद पडतो व नवा येतो. कॅमेऱ्याचे भिंग स्वच्छ आहे, यंत्रणा ठणठणीत आहे, तरीही कॅमेरा कपाटात जातो. बिघाड यंत्रात झालेला नाही, मधला दुवा तुटला आहे. विद्यार्थ्यांची मात्र पुढील मंजुरी येईपर्यंत गैरसोय होते.

हे टाळणे फारसे अवघड नाही. खरेदीच्या मागणीपत्रातच पुढील गोष्टी लेखी मागाव्यात: 64 बिटांची लायब्ररी व ड्रायव्हर, हेडर फाइल, वापराची माहितीपुस्तिका, एखादी नमुना आज्ञावली, आणि लायब्ररी इतर शैक्षणिक संस्थांना देता येईल किंवा नाही याचा स्पष्ट खुलासा. उपकरण ताब्यात घेतेवेळी केवळ दिवा लागला एवढे पाहून सही करू नये. नमुना आज्ञावली आपल्या संगणकावर चालवून पाहावी. मिळालेल्या सर्व फाइलींची एक प्रत, आवृत्तीचा क्रमांक व दिनांक लिहून, जडवस्तू नोंदवहीतील त्या उपकरणाच्या नोंदीशी जोडून जपून ठेवावी.

उपकरणाची किंमत त्याच्या धातूची व काचेची असते, तशीच ती त्याच्याशी बोलता येण्याच्या सोयीचीही असते. ही सोय खरेदीच्या वेळी मागितली तर बहुधा सहज मिळते. दहा वर्षांनंतर मागायला जावे, तर उत्तर देणारे कोणी असेलच याची शाश्वती नाही. प्रयोगशाळांचे प्रमुख, भांडारपाल आणि खरेदी समित्यांचे सदस्य यांनी ही बाब ध्यानी ठेवल्यास लोकांच्या पैशातून आलेले प्रत्येक उपकरण दीर्घकाळ विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल.