नटावर भार किती?

कारखान्याची शेड किंवा रेल्वे स्थानकाचे छप्पर पाहताना आपली नजर प्रथम जाडजूड तुळयांकडे जाते. सगळी ताकद त्यांच्यातच आहे, असे वाटते. पण पोलादी सांगाड्यात वजन तुळईवरून खांबाकडे आणि खांबातून पायाकडे जाते, आणि वाटेत त्याला सांधे ओलांडावे लागतात. सांधा बोल्टचा असो, रिव्हेटचा असो वा वेल्डिंगचा. तो दुबळा असेल तर तुळई भक्कम असून उपयोग नाही.

याचे एक दुःखद उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस सिटीचे. तेथील हयात रीजन्सी हॉटेलच्या उंच दालनात पादपूल छतापासून पोलादी सळयांनी टांगलेले होते. चौथ्या मजल्याच्या पुलाखाली बरोबर त्याच रेषेत दुसऱ्या मजल्याचा पूल होता. १७ जुलै १९८१ रोजी संध्याकाळी दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना हे दोन्ही पूल कोसळले. ११४ माणसे मरण पावली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

नवल असे की वरच्या सळया तुटल्या नव्हत्या. टोकाच्या नटासह त्या छतापासून तशाच लोंबत होत्या. मग काय बिघडले?

मूळ आराखड्यात छतापासून खालच्या पुलापर्यंत एकच अखंड सळई होती. ती वरच्या पुलाच्या तुळईतून आरपार जात होती आणि प्रत्येक तुळईखाली एक नट होता. पण वरच्या तुळईखालचा नट सळईच्या मध्यावर येणार, म्हणजे तिथपर्यंत तो चढवायला सळईच्या मोठ्या लांबीवर आटे पाडावे लागणार. हे काम जिकिरीचे. म्हणून सळईचे दोन तुकडे केले गेले. एक छतापासून वरच्या तुळईपर्यंत, दुसरा त्याच तुळईपासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर हा बदल अगदी किरकोळ दिसतो.

आता हिशेब करू. एका सळईच्या वाट्याला प्रत्येक पुलाचा भार 'व' येतो असे मानू. अखंड सळईत वरच्या नटावर फक्त वरच्या पुलाचा भार, म्हणजे व. खालच्या पुलाचा भार सळईतूनच परस्पर छताकडे जातो. दोन तुकडे केल्यावर मात्र खालचा पूल वरच्या तुळईला लटकतो. त्यामुळे वरच्या नटावर २व! छताजवळ सळईतील ताण दोन्ही रचनांत २वच आहे. दुप्पट झाला तो फक्त सांध्यावरचा भार.

त्यातून ती तुळई दोन चॅनल समोरासमोर ठेवून, कडा वेल्डिंगने जोडून केलेली पोकळ पेटी होती, आणि सळईचे भोक नेमके त्या जोडावर होते. भाराखाली कडा वाकल्या, जोड उकलला आणि नट तुळईतून वर निसटला. तपासात आणखी एक गोष्ट कळली: मूळ रचनाही नियमानुसार हव्या त्या क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच होती. दोष केवळ बदलाचा नव्हता. हा सांधा कोणी नीट मोजलाच नव्हता. जबाबदार अभियंत्यांना पुढे मिझुरी राज्यातील परवाने गमवावे लागले.

वर्गात हे दाखवायला जुन्या वहीचे पुठ्ठे, दोरा आणि सारख्या वजनाचे दगड पुरतात. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांना मध्यभागी भोक पाडा. एकाच दोऱ्यात दोन्ही ओवून प्रत्येकीखाली गाठ मारा आणि पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना दगड टांगा. मग खालच्या पट्टीचा दोरा वेगळा करून तो वरच्या पट्टीलाच, भोकाच्या बाजूला बांधा. दगड हळूहळू वाढवत गेल्यास वरची गाठ कोणत्या रचनेत आधी पुठ्ठा फाडून निघते, ते मुलांनी आधी ओळखावे आणि मग पाहावे. त्यानंतर विचारा: एकाखाली एक असे तीन पूल असते, तर दोन्ही रचनांत सर्वांत वरच्या नटावर भार किती?