सापाचे अंथरूण : माल विकण्याआधी लाकूड ओळखा

सुताराच्या रंध्यातून निघणारा भुसा आणि नारळाचे सोडण ही आपल्याकडे बहुधा चुलीत जाणारी वस्तू. इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेत मात्र असाच माल पाळीव प्राण्यांच्या दुकानांत पिशव्या भरून विकला जातो. तेथे हौशी लोक काचेच्या पेटीत साप पाळतात व पेटीच्या तळाशी अंथरूण घालतात. भारतातून निर्यात होणारे कोकोपीट व सोडणाचे तुकडेही या कामी येतात. म्हणून वखारवाले, सुतार आणि काथ्याच्या धंद्यातील बांधवांनी हा विषय समजून घ्यावा.

आधी कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग, घोणस, अजगर, धामण असे देशी साप घरात पाळणे गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय यादीतील परदेशी जातींचीही नोंद करावी लागते. येथे विचार आहे तो केवळ अंथरुणाच्या मालाचा.

कोणता माल टाळावा?

साप रात्रंदिवस पोटावर, अंथरुणाला चिकटून असतो. बहुतेक सापांचे एकच फुप्फुस नीट काम करते. त्यामुळे धूळ व उग्र वास त्याला लवकर बाधतात. सीडरचा भुसा म्हणूनच सर्वांत वाईट. आपला देवदार याच जातीचा. ज्या तेलामुळे कपड्यांची कसर दूर राहते, त्याचीच वाफ बंद पेटीत कोंडून सापाच्या श्वासमार्गाला इजा करते. राळ असलेला पाइनही टाळलेला बरा.

आपल्या वखारींत आणखी दोन धोके आहेत. प्लायवूड व एमडीएफच्या भुशात डिंकाची रसायने असतात. परदेशी यंत्रांच्या खोक्यांचे लाकूड बहुधा पाइनचे असते. त्यावरील शिक्क्यात ‘एमबी’ अक्षरे असतील तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असा भुसा कोणत्याही प्राण्याखाली घालण्यासाठी विकू नये.

मक्याच्या कणसाचा चुराही नको. तो ओलाव्याने बुरसतो आणि भक्ष्याला चिकटून पोटात गेला तर आतडे तुंबवतो.

कोणता चालतो?

कोरड्या हवेत राहणाऱ्या कॉर्न स्नेक व किंग स्नेकसाठी ॲस्पेन लाकडाचे छिलके पसंत केले जातात. ॲस्पेनला उग्र तेल नसते आणि त्यात सापाला बीळ करता येते. हरियाणात यमुनानगरच्या प्लाय कारखान्यांना लागणारा पॉप्लर हा त्याचाच भाऊबंद. मात्र ॲस्पेन भिजले की बुरशी धरते.

आफ्रिकेतील बॉल पायथनला दमट हवा लागते. त्याच्यासाठी सोडणाचे तुकडे किंवा कोकोपीट योग्य. कोकोपीटची सुमारे 650 ग्रॅमची वीट पाण्यात फुगून आठ-नऊ लिटर होते, म्हणून वाहतूक स्वस्त पडते. पण त्यात दोन दोष राहू शकतात. सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलेले असेल तर मीठ उरते, ते गोड्या पाण्याने धुऊन काढावे लागते. आणि माल फार कोरडा, बारीक असेल तर धूळ उडते. तेव्हा चाळणी व धुणे यात कसूर नको.

नव्या किंवा आजारी सापाखाली साधा कोरा कागद उत्तम. घाण व गोचिडीसारखे बारीक कीटक त्यावर चटकन दिसतात. ज्याला हे सांगितले तो गिऱ्हाईक आज पिशवी घेणार नाही, पण उद्या तुमच्याकडेच येईल.

पिशवीच्या आत काय आहे?

या धंद्यात गिऱ्हाईक माल डोळ्यांनी पारखू शकत नाही. छिलके सारखेच दिसतात. कोणत्या लाकडाचे आहेत हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक. हदीसमध्ये धान्याच्या राशीचा प्रसंग आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे मालकाने सांगितले. तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे विचारून त्यांनी फसवणाऱ्याला आपल्यातला मानले नाही.

भुशाच्या पिशवीलाही हाच न्याय लागू आहे. लाकडाचे नाव स्पष्ट लिहा, मिसळ असेल तर मिसळ म्हणा, ओला माल वेगळा काढा. नुकसान होणारा जीव मुका आहे, तो तक्रार करणार नाही. पण हिशेब घेणारा अल्लाह पाहत आहे. रोजी हलाल असली तरच थोड्या नफ्यातही बरकत असते.