फाउंटन पेनला कोणती शाई मानवते?

फाउंटन पेनमधली शाई केशाकर्षणाने निबपर्यंत येते. निबखालच्या फीड या भागाच्या बारीक खाचांतून ती खाली उतरते आणि तेवढीच हवा टाकीत वर जाते. म्हणून या पेनला पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची पातळ शाई सर्वांत चांगली मानवते. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई मात्र चुकूनही भरू नका! तिच्यात काजळीचे कण असतात, बहुधा लाखही. ती खाचांत वाळली की पाण्याने सुटत नाही आणि चांगले पेन कायमचे जाते. आयर्न गॉल शाई टिकाऊ, पण आम्लधर्मी. ती भरलेले पेन वरचेवर धुवावेच लागते. रोजच्या लेखनाला साधी निळी शाई मला सर्वांत भरवशाची वाटते. प्रवाह अडखळला, तर आधी साध्या पाण्याने पेन धुवा. गरम पाणी किंवा स्पिरिट नको, प्लॅस्टिकचे भाग बिघडतात.