कपाटाची किल्ली आणि पाच सप्टेंबर

चार सप्टेंबरची संध्याकाळ. चिखली असो, मेहकर असो की मलकापूर, स्टेशनरीच्या दुकानांत शाळकरी पोरांची झुंबड उडालेली असते. चकचकीत कागदातलं पेन, प्लॅस्टिकचा गुलाब, नाहीतर शुभेच्छा छापलेला मग. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर सारख्याच पेनांचा ढीग लागतो. देणाऱ्याच्या भावनेत खोट नसते, पण कुठल्याही शिक्षकाला विचारा, पेनांची टंचाई त्यांना कधीच जाणवलेली नसते. टंचाई असते ती पोरांच्या हाती देता येतील अशा धड पुस्तकांची.

तसं पाहिलं तर पुस्तकं शाळेत असतात. सरकारी योजनेतून संच येतात, रजिस्टरमध्ये नोंद होते आणि मग बऱ्याच ठिकाणी ते कपाटात जाऊन बसतात. पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर हिशेब द्यायचा शिक्षकानेच, म्हणून कुलूप. ही भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही. पहिली-दुसरीतलं मूल पुस्तक वाचतं तेव्हा ते ओढतं, दुमडतं, त्याच्यावर पडून राहतं. चार वर्गांतून फिरलेलं पुस्तक कोरं करकरीत राहणारच नाही.

म्हणून शिक्षक दिनाची एक भेट अशीही देता येईल: आठ-दहा मुलांनी मिळून शाळेची फाटकी पुस्तकं दुरुस्त करून द्यायची. खर्च जवळजवळ शून्य.

दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली मंद आचेवर ढवळत राहायचं. मिश्रण दाट होऊन चकाकू लागलं की खळ तयार. कसर लागू नये म्हणून बायंडर मंडळी तिच्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. मुलांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. खळ थोडीच करावी, दोन दिवसांत संपवावी. फाटलेल्या पानाला सेलोटेप मात्र लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते, डिंक पसरतो आणि शेजारचं पानही चिकटतं. बुटांच्या खोक्यात येतो तसला पातळ पांढरा कागद पट्टी कापून खळीने लावला, तर खालची अक्षरं दिसत राहतात. वर वजन ठेवायला घरचा वरवंटा आहेच.

गोष्टींच्या पातळ पुस्तकांच्या पिना पावसाळ्यात गंजतात. त्या काढून टाकाव्या, घडीवर दाभणाने तीन भोकं पाडावी. दोरा मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, तिथून थेट खालच्यातून आत आणि पुन्हा मधल्यातून बाहेर काढून गाठ मारली की पुस्तक पुन्हा फिरायला मोकळं. कव्हराला मागच्या वर्षीचं कॅलेंडर चालतं. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची खूणपट्टी होते आणि तिच्या कोऱ्या बाजूवर मुलाने या पुस्तकातलं आवडलेलं ठिकाण आपल्या शब्दांत लिहावं. कोणतं पुस्तक पोरांना धरून ठेवतं, हे त्या चार ओळींतून शिक्षकाला जितकं कळेल तितकं रजिस्टरमधून कळणार नाही.

पाच सप्टेंबरपासून बरोबर चाळीस दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन येतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५पासून या नावाने साजरा होतो. त्या एका दिवशी तासभर वाचून फोटो काढण्यापेक्षा दुरुस्त पुस्तकं हे चाळीस दिवस घरोघर फिरवणं बरं. अडचण एकच, नेमकी याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी सुरू होते आणि घरातले मोठे शेतात असतात. त्यावर तोडगा आजी-आजोबांचा: नातवाने मोठ्याने वाचायचं, त्यांनी ऐकायचं. पुस्तकं कमी पडली तर बालभारतीने १९७१मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.

घरातल्या वाचनातून काय उभं राहू शकतं, याचा दाखला बुलढाण्याला बाहेर शोधावा लागत नाही. ताराबाई शिंदे इथल्याच. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. त्याच ताराबाईंचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२मध्ये पुण्यात छापलं गेलं, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. लोकांनी त्यावर इतकी टीका केली की १८८५मध्ये जोतीराव फुल्यांना ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घ्यावी लागली.

शिक्षकाने मुलांसाठी स्वतः लिहिण्याचं उदाहरण शेजारच्या खानदेशात आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. त्याची उलट भेट मुलांना देता येईल: शिक्षकासाठी हस्तलिखित.

जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, तर याची फारच गरज आहे. इथल्या काही गावांत निहाली बोलली जाते. जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी तिचं नातं अजून पक्कं जुळलेलं नाही आणि बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. या भाषेतलं गोष्टीचं पुस्तक दुकानात मागून मिळायचं नाही. पण आजी सांगते ती गोष्ट देवनागरीत उतरवून, समोरच्या पानावर मराठी लिहून, तीन टाके घालून सोळा पानांचं पुस्तक मुलं सहज करू शकतात. शेवटच्या दोन पानांवर रोजच्या वापरातले शब्द आणि त्यांचे अर्थ द्यावे. बदली होऊन आलेल्या नव्या सरांना पहिलीच्या वर्गात उभं राहताना सगळ्यात आधी तीच पानं लागतील.