इंजिन सरकारचं, डबे आपले

माझ्या लिहायच्या टेबलावर सध्या एक मालडबा उभा आहे. पुठ्ठ्याचा, करड्या रंगाचा, लांबीला जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, ‘इंजिन कुठं आहे?’ इंजिन नाही, आणि करायचा बेतही नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला म्हातारपणी नातवाच्या खेळण्यांचा नाद लागला, असं समजून पाहुणे चहाकडे वळतात. खरं कारण किल्लारीत आहे.

किल्लारी हे माझं आजोळ. लातूरहून औशावरून गेलं की चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. गावाला रेल्वे नव्हती, आजही नाही. तरी मामाच्या बोलण्यात रेल्वे सारखी असायची, कारण घरची तूर आणि भुईमूग लातूरच्या मोंढ्यात जायचा. 1968 च्या सुगीत त्यानं मलाही पोत्यांवर बसवून बैलगाडीनं लातूरला नेलं. अडत्याकडचं माप आटोपलं आणि मामा मला स्टेशनावर घेऊन गेला. तिथं ती छोटी गाडी उभी होती. काळं, बुटकं इंजिन वाफ सोडत होतं. मी तोंड वासून बघत राहिलो. मामानं खांद्यावर हात ठेवला.

‘इंजिनाकडं काय बघत बसलास रे? डबे मोज की. इंजिन सरकारचं, डब्यातला माल आपला.’

मी डबे मोजले. किती भरले ते आठवत नाही, पण मोजायची खोड लागली ती लागलीच.

ती गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. तिची गोष्ट आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ, आणि नव्या पिढीला ऐकूनही ठाऊक नाही. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग बार्शीला बगल देऊन गेला होता. बार्शीची पेठ मोठी, पण माल बैलगाडीनं वीस-एकवीस मैलांवरच्या बार्शी रोड स्टेशनात, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीत, न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही अडचण हेरली. जीआयपी रेल्वेत नोकरी केलेला हा गृहस्थ. त्यानं 1895 साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू केली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट.

कॅलथ्रॉपची हुशारी कुठे होती, तर त्यानं विचाराची सुरुवात डब्यापासून केली. एरवी मोठं इंजिन आणायचं, त्याच्या वजनाला पुरतील असे जाड रूळ टाकायचे आणि मागे मिळतील ते डबे जोडायचे, अशी रीत. यानं ठरवलं की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. डबा असो की इंजिन, नियम एकच. मग इंजिनाचं वजन अनेक चाकांवर वाटून दिलं. रूळ इतके हलके, की यार्डाला तीस पौंड. मालडबे दाबीव पोलादाच्या सांगाड्याचे, पंचवीस फुटी, चार आसांचे. चार पंचे वीस टन. त्यात डब्याचं स्वतःचं वजन जितकं कमी, तितकी पोती जास्त. बँकेच्या भाषेत सांगायचं तर कार्यालयीन खर्च कमी ठेवून कर्जवाटप वाढवायचं! हे डबे आधी लीड्सजवळ रूळ टाकून इंग्रज इंजिनिअरांना दाखवले गेले आणि मग इकडे आले. याच कॅलथ्रॉपनं पुढे वैमानिकांचे जीव वाचावेत म्हणून पॅराशूट बनवलं. ओझं हलकं करून सुखरूप पोचवणं, हाच बहुधा त्याचा आयुष्यभराचा ध्यास असावा.

1906 साली ही गाडी पंढरपूरला पोचली, 1911 साली निजामाच्या मुलखात लातूरला आणि 1927 मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला. पंढरपूरकडे वारकरी निघाले आणि लातूरहून माल. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, असं लातूरकर अभिमानानं सांगतात. मला वाटतं सतरावा रस्ता लोखंडाचा होता. त्याच्या आशेवर किल्लारीसारख्या गावांतल्या गाड्या रात्रभर चालत लातूरला येत. 1954 च्या 1 जानेवारीला कंपनी सरकारजमा झाली, म्हणजे मामाचं म्हणणं कागदोपत्रीही खरं ठरलं.

पुढे मी बँकेत लागलो आणि काही वर्षं लातूरच्या शाखेत काढली. माझ्या टेबलावर मालडबे कागदाच्या रूपानं यायचे. माल रेल्वेत चढला की व्यापाऱ्याला पावती मिळते, तिला ‘आर.आर.’ म्हणत. स्टेशनाचं नाव, डब्याचा नंबर, पोती, वजन, पाठवणारा, घेणारा. ती पावती ज्याच्या हाती त्यानं माल सोडवायचा. म्हणून व्यापारी ती बँकेत ठेवून पैसे उचलत. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘माल भिजला तर बघू, पावती भिजता कामा नये.’

पण आर.आर.चा गठ्ठा रोडावत होता आणि ट्रकच्या बिल्ट्या वाढत होत्या. एका वयस्कर अडत्याला मी कारण विचारलं. त्यानं दोन बोटं अडीच इंचांवर धरून दाखवली, मग साडेपाचांवर. ‘साहेब, सगळं या फरकानं खाल्लं.’ लातूरचा रूळ अडीच फुटी, कुर्डुवाडीच्या पुढचा साडेपाच फुटी. म्हणजे प्रत्येक पोतं कुर्डुवाडीत एका डब्यातून उतरवायचं आणि दुसऱ्यात चढवायचं. हमाली वेगळी, सांडलवंड वेगळी, खोळंबा वेगळा. ट्रक दारात भरला की थेट मुंबईच्या दारात रिता. कॅलथ्रॉपनं डबा हलका केला, पण तो कुर्डुवाडीपुढे जाऊ शकत नव्हता.

30 सप्टेंबर 1993. गणेशविसर्जन आटोपून गाव निजलं होतं. पहाटे तीन छप्पन्नला जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरं माणसांच्या अंगावर बसली. मामा त्यात गेला. मी पोचलो तेव्हा औशाच्या रस्त्यावर मदतीच्या ट्रकांची रांग लागली होती. धान्य, घोंगड्या, पत्रे, औषधं. सवयीनं मी ट्रक मोजू लागलो आणि मध्येच थांबलो. आयुष्यभर आमच्या गावातून माल बाहेर जाताना पाहिला होता. आज पहिल्यांदा इतकं काही गावाकडे येत होतं, आणि ते उतरवून घ्यायला मामा नव्हता.

2001 पासून टप्प्याटप्प्यानं तो अडीच फुटी रूळ उखडून मोठा रूळ टाकला गेला. मार्ग थोडा वळवून उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, शहराजवळून नेला. सगळ्यात शेवटी पंढरपूर-मिरज झालं. जुनी गाडी गेली म्हणून हळहळणाऱ्यांत मीही होतो. एक हळवा लेखसुद्धा लिहून ठेवला होता. बरं झालं छापला नाही.

कारण 2016 चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलं, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. तेव्हा तेल वाहणारे टाकीडबे कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुऊन मिरजेला आणले गेले. 12 एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी लातुरात शिरली. 10 डबे, पाच लाख लिटर. काही दिवसांतच 50 डब्यांची गाडी धावू लागली, एका खेपेला 25 लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. नीट पाहा, बार्शी लाइटचाच रस्ता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रूळ अडीच फुटीच राहिले असते, तर ते पाणी कुर्डुवाडीत उतरवून घ्यावं लागलं असतं. पोतं पाठीवर घेता येतं, पाणी कसं घेणार?

मी मुद्दाम पुण्याहून लातूरला गेलो आणि रुळांच्या कडेला उभा राहून डबे मोजले. पन्नास भरले. शेजारी एक बाई घागर घेऊन उभी होती. तीही मोजत होती. इंजिनाकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

आता टेबलावरच्या डब्याकडे येतो. गेल्या दिवाळीत नातवाला कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममध्ये नेलं. भाऊसाहेब जोशींनी जन्मभराच्या छंदातून उभं केलेलं हे लहान गाड्यांचं जग 1998 पासून लोकांना पाहायला मिळतं. नातू इंजिनांमागे डोळे फिरवत होता. मी त्याच्या कानात म्हणालो, ‘डबे मोज.’ घरी आल्यावर त्यानं हट्ट धरला, ‘आजोबा, तुमचा डबा करू.’

छंदिष्टांचं एक आवडतं प्रमाण आहे, सत्याऐंशीला एक. हिशेब करायला मी बसलो. पंचवीस फुटांचा डबा झाला पावणेनऊ सेंटिमीटर, आणि अडीच फुटांच्या रुळांतलं अंतर पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. पाव मिलिमीटरची तफावत मी मंजूर केली. नोकरीत अशी एकही केली नव्हती.

डबा झाला, पण वळणावर तो दर वेळी घसरायचा. पुठ्ठा हलका. रिकामा डबा रुळावर टिकत नाही. जाणते लोक तळाला वायसर चिकटवून वजन वाढवतात. मी वायसर शोधायला उठलो, तोवर नातवानं स्वयंपाकघरातून मूठभर तूर आणली, डब्यात ओतली आणि बोटानं डबा ढकलला. तो वळण घेऊन सुखरूप परत आला.

‘एक,’ नातू म्हणाला.

दुसरा डबा करायला घेतला आहे.