कुबडी काखेत, भार हातांवर



आपल्या भाषेत ‘कुबड्या’ हा शब्द फारसा मानाचा नाही. दुसऱ्याच्या आधारावर जगणाऱ्याला आपण ‘कुबड्यांवर चालणारा’ म्हणतो. त्यामुळे होतं काय, की पाय मोडलेल्या माणसाच्या हाती कुबड्या आल्या की तो आधी संकोचतो आणि मग ‘थोड्या दिवसांचंच तर काम’ म्हणून त्या कशातरी काखेत मारून चालू लागतो. चप्पल आपण पायात घालून पाहतो, पण कुबडी मात्र मिळेल ती, असेल त्या मापाची चालते! ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून आज बोलायचं धाडस करतो. मी वैद्य नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस आहे. जाणकारांनी समजावलेलं आणि स्वतः भोगलेलं, एवढंच सांगणार आहे.

२०२२ च्या जुलै महिन्यात चिखलात मोटारसायकल घसरली आणि माझ्या उजव्या पायाची नडगी मोडली. प्लास्टर झालं. एका परिचितांच्या माळ्यावर जुन्या लाकडी कुबड्या पडून होत्या, त्या घरी आल्या. ते गृहस्थ माझ्यापेक्षा चांगले उंच, पण इतका बारीक विचार कोण करतो? सारं अंग काखेवर टांगून मी हिंडू लागलो. बोटांना मुंग्या येत, तिकडे लक्ष दिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात खडू हातात धरेना. मनगट उचलावं म्हटलं तर उचलेना, ते खालीच लोंबू लागलं. डॉक्टर म्हणाले, “पायाचं दुखणं हातावर ओढवून घेतलंत की हो!” हात ताळ्यावर यायला दोन महिने लागले. तोवर कुबड्याही धरता येईनात, म्हणून अंथरूण धरावं लागलं.

असं का झालं? काखेतून हाताकडे नसा आणि रक्तवाहिन्या जातात. कुबडीची वरची आडवी गादी तिथं सतत रुतली तर त्या नसा दबतात. बोटांना बधिरपणा येतो आणि मनगट वर उचलणारे स्नायू ढिले पडतात. दाब वेळेवर काढला तर बहुधा हात सुधारतो, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. तेव्हा आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही : कुबडी काखेत असली तरी अंगाचा भार तळहातांवर घ्यायचा असतो. वरची गादी बरगड्यांशी नुसती दाबून धरायची. ती तोल सांभाळण्यासाठी असते, टांगून घेण्यासाठी नव्हे.

आता माप कसं घ्यावं ते पाहू. नेहमीचं पायताण घालून ताठ उभं राहावं. दुखऱ्या पायावर भार नको, म्हणून भिंतीचा किंवा माणसाचा आधार घ्यावा. कुबडीचं टोक पावलापासून सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच, बाजूला आणि तितकंच पुढे टेकवावं. अशा वेळी वरची गादी आणि काख यांच्यामध्ये दोन ते तीन बोटं आडवी मावली पाहिजेत. हात सैल सोडला की मूठ मनगटाच्या घडीशी यावी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं असावं. हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या कुबड्यांना भोकं आणि खटके असतात, त्यांमुळे उंची कमीजास्त करता येते. खटका पुरता बाहेर आला आहे ना आणि दोन्ही कुबड्या सारख्या आहेत ना, हे मात्र पाहावं.

खालच्या टोकाचं रबरी टोपण रोज तपासावं. ते झिजून गुळगुळीत झालं किंवा चिरलं, तर लगेच बदलावं. टोपण शाबूत असलं तरी ओली फरशी, नुकतंच सारवलेलं अंगण आणि पावसाळ्यातलं शेवाळ यांचा भरवसा धरू नये. चालण्याच्या वाटेवरची चटई, सतरंजी, गोणपाट उचलून ठेवावं. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा असावा. पायात ढिली चप्पल नको, टाचेला धरून राहील असं पायताण हवं.

चालायचं कसं? दुखऱ्या पायावर मुळीच भार द्यायचा नाही, तो नुसता टेकवायचा की थोडा भार द्यायचा, हे आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावं. मग दोन्ही कुबड्या फूटभर पुढे टेकवाव्यात, त्यांच्याबरोबर दुखरा पाय पुढे न्यावा, तळहातांवर भार घ्यावा आणि धड पाय पुढे टाकावा. नजर पायाशी न ठेवता समोर ठेवावी. लांब ढांगा नकोत. एक पाय अधर धरून असं चालायला नेहमीच्या दीडपट ते दुप्पट श्रम पडतात, म्हणून थोडं चालावं आणि थोडं बसावं. त्यात लाजायचं काही कारण नाही.

बसताना पाठमोरं मागे सरकावं. खुर्चीची कड पायाला लागली की दोन्ही कुबड्या एका हातात घ्याव्यात, दुसऱ्या हाताने खुर्ची धरावी आणि सावकाश टेकावं. पाटावर किंवा जमिनीवर बसण्याचा हट्ट काही दिवस सोडावा. शौचासाठी उंच बैठकीची सोय करून घ्यावी.

आपल्याकडे उंबरठा आणि ओट्याच्या पायऱ्या जागोजागी आहेत आणि माणूस पडतो तो बहुधा तिथंच. नियम सोपा आहे : चढताना धड पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढताना धड पाय वर ठेवायचा, त्याच्या जोरावर अंग उचलायचं, मग दुखरा पाय आणि कुबड्या वर घ्यायच्या. उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय खालच्या पायरीवर, मग धड पाय. दोन्ही वेळा अंग उचलण्याचं किंवा हळू खाली सोडण्याचं काम धड पायाकडेच राहतं. कठडा असेल तर एका हातात कठडा आणि दुसऱ्या हातात कुबडी धरावी. सोबतीच्या माणसाने चढताना मागे आणि उतरताना पुढे, म्हणजे नेहमी खालच्या बाजूला राहावं.

पुढे डॉक्टर एकच कुबडी वापरायला सांगतात, तेव्हा पुष्कळजण ती दुखऱ्या बाजूला धरतात. ती धड पायाच्या बाजूच्या हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची, म्हणजे भार नीट वाटला जातो.

हातात तांब्या किंवा कपबशी घेऊन चालू नये. लागेल ते सामान खांद्यावरून आडव्या घेतलेल्या शबनम पिशवीत टाकावं.

काही खुणांकडे दुर्लक्ष करू नये. बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा, प्लास्टरच्या आतली वाढती ठणक, पायाची बोटं निळी किंवा गार पडणं, पोटरी सुजून दुखणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर घटकाभरही न थांबता दवाखान्यात जावं.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पाय मोडलेला विद्यार्थी शाळेत आला, तर त्याला दाराजवळची जागा द्यावी. कुबड्या त्याच्या हाताशीच ठेवाव्यात, कोपऱ्यात नेऊन ठेवू नयेत. इतर मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नये. सुटीच्या घंटेआधी पाच मिनिटं त्याला बाहेर सोडावं, म्हणजे गर्दीचा धक्का लागणार नाही. दप्तर कोणी उचलायचं, ते वर्गातल्या मुलांना ठरवू द्यावं. मुलं ते आनंदानं करतात.

आणि घरच्यांनी ‘अजून किती दिवस कुबड्या?’ असं रोज विचारू नये. त्या लाजेपोटी माणूस त्या लवकर टाकतो, आणि न सांधलेल्या हाडाला लाज कळत नाही. कुबड्या कधी सोडायच्या ते डॉक्टर सांगतील. मला सांगितलं, त्या दिवशी मी त्या कुबड्या परत करायला गेलो. ‘पुन्हा लागतील कोणाला तरी,’ म्हणत त्यांनी त्या माळ्यावर टाकल्या. तेव्हा मी एका चिठ्ठीवर ‘आधी माप पाहा’ असं लिहून ती कुबडीला बांधून आलो.