विमान पडते, तेव्हा माणसे वाचतातही

कापसाच्या हंगामात पाचोडहून बीड रस्त्याने छत्रपती संभाजीनगरकडे निघालात, तर गाठींनी भरलेला ट्रक हमखास दिसतो. अशाच एका ट्रकला २६ एप्रिल १९९३ रोजी भरदुपारी विमान धडकले होते, हे आजच्या कॉलेजातल्या मुलांना सांगितले तर त्यांना सिनेमाची गोष्ट वाटेल.

इंडियन एअरलाइन्सचे ते बोईंग ७३७ विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला आले होते आणि मुंबईला निघाले होते. धावपट्टी जवळपास संपेपर्यंत त्याने जमीन सोडली नाही. विमानतळाच्या टोकाशी बीड रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकला त्याची डावी चाके आणि इंजिन आदळले. पुढे ते उच्चदाबाच्या तारांना लागले आणि सुमारे तीन किलोमीटरवर कोसळले. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ दगावले. चौकशीत दोन कारणे पुढे आली. वैमानिकाने विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, तसेच विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने रोखली नव्हती.

पण याच अपघातातून ६३ जण वाचले, हे आपण विसरतो. विमान पडले म्हणजे सगळे संपले, असे आपण धरून चालतो.

ही समजूत घडवण्यात सिनेमाचा हात मोठा आहे. १९७० साली हॉलिवूडचा ‘एअरपोर्ट’ आला आणि विमानसंकटाच्या चित्रपटांची रांगच लागली. त्यात एक माणूस बोईंग ७०७ विमानाच्या शौचालयात बॉम्ब उडवतो, बर्फाच्या वादळात वैमानिक जखमी विमान परत आणतो आणि खाली एक मेकॅनिक धावपट्टीवर रुतलेले दुसरे विमान ऐनवेळी हलवतो. प्रवाशांनी करायचे काय? देवाचे नाव घ्यायचे!

त्या काळी विमानप्रवासाचा थाटच वेगळा होता. ठेवणीतले कपडे, हवाई सुंदरीच्या ट्रेमधली गोळी, कानात घालायला कापूस. गोळी चघळताना आवंढा गिळला जातो, त्याने कानाची आतली नळी उघडते आणि दडा सुटतो, म्हणून ती गोळी. आणि याच थाटात सिगारेटही खुशाल ओढली जाई. ११ जुलै १९७३ रोजी पॅरिसजवळ आलेल्या ब्राझीलच्या ७०७ विमानात शौचालयाकडच्या भागात आग लागली. वैमानिकाने विमान शेतात उतरवले, पण १३४ पैकी १२३ जण गेले. बहुतेकांचा जीव धुराने घेतला होता.

आगीत ज्वाळेआधी धूर मारतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आसनांचा फोम आणि प्लास्टिक जळून सायनाइडचा वायू सुटतो. काही श्वासांतच माणूस गोंधळतो, पाय उचलत नाहीत. म्हणूनच निम्मी दारे बंद असतानाही सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे दाखवल्याशिवाय नव्या प्रवासी विमानाला मान्यता मिळत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८३ ते २००० मधले तिथले विमान अपघात तपासले. त्यांत सापडलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक वाचले होते. आग, गंभीर इजा आणि विमानाचे मोठे नुकसान, असे सगळे घडले त्या अपघातांतही निम्म्याहून अधिक. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकले. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले, पण प्रवासी विमानातले सगळे ३७९ जण आग आत पसरण्याआधी बाहेर पडले. बहुतेकांनी सामान जागेवरच सोडले होते.

यातून आपण काय घ्यायचे? आसनावर बसलात की पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोजा. धुरात डोळे उपयोगी पडत नाहीत, मोजलेला आकडा पडतो. पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर घट्ट बांधा. उड्डाण आणि उतरताना पायांत बूट असू द्या. अंगात सुती कपडे बरे. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. धूर झाला तर वाकून चला, तोंडावर कापड धरा. बॅग काढायला थांबू नका, तुमच्यामागे माणसे उभी असतात.

विमानातले कर्मचारी उड्डाणाआधी हेच सांगत असतात. ती दोन-तीन मिनिटे मोबाइल खिशात ठेवावा. शेजारी पहिल्यांदाच विमानात बसलेल्या आजी असतील, तर त्यांनाही त्यांचे दार कोणते ते दाखवून ठेवावे.